सेंट अँड्रूजच्या ओल्ड कोर्सवर एक राउंड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कॉटलंडच्या सहलीत गोल्फसाठी एक-दोन दिवस राखून ठेवणारे पुण्या-मुंबईचे खेळाडू आता बरेच झाले आहेत, आणि त्यांच्या यादीत पहिलं नाव हमखास सेंट अँड्रूज गावातल्या ओल्ड कोर्स या गोल्फच्या मैदानाचं असतं. जाण्याआधी त्यांना पडणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. दर आणि नियम दर वर्षी थोडे बदलतात, म्हणून पैसे भरण्याआधी सेंट अँड्रूज लिंक्स ट्रस्टचं संकेतस्थळ एकदा बघून घ्या.

लिंक्स म्हणजे नेमकं काय? समुद्राकाठचं कुठलंही गोल्फचं मैदान लिंक्स असतं का?

नसतं. लिंक्स ठरते ती जमिनीवरून, समुद्राच्या देखाव्यावरून नाही. समुद्र मागे हटत गेला, वाऱ्यानं वाळू आणून टाकली, तिच्या टेकड्या झाल्या आणि त्यांवर बारीक, चिवट गवत धरलं. पीक येणार नाही इतकी ही जमीन हलकी, म्हणून तिथं मेंढ्या चरायच्या. पाऊस पडला की पाणी वाळूतून झरकन खाली जातं, त्यामुळे मैदान वर्षभर टणक राहतं. फेस्क्यू आणि बेंट जातीचं गवत तिथं जेमतेम वाढतं. चेंडू पडला की रुतत नाही, उसळतो आणि पळतो. उंचसखल जमीन, झाडांचा अभाव आणि अखंड वारा हे सगळं त्याच्याबरोबर येतं.

सेंट अँड्रूजमध्येच याचं उत्तम उदाहरण आहे. २००८ साली सुरू झालेला कॅसल कोर्स कड्यावर आहे, तिथून समुद्र सगळ्यात सुंदर दिसतो. पण ती शेतजमीन होती, त्यामुळे जाणकार त्याला खरी लिंक्स म्हणायला कचरतात. उलट ओल्ड कोर्सवरून समुद्र फारसा दिसतच नाही! तो मधल्या मैदानांच्या आणि वाळूच्या टेकड्यांच्या पलीकडे असतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांचा इथं जरा विरस होतो.

कोकणात किंवा गोव्यात लिंक्स का नाही, हाही प्रश्न येतोच. वाळू आपल्याकडेही आहे. पण चार महिने कोसळणारा पाऊस, उरलेले आठ महिने ऊन आणि लगेच मागे जांभ्याचा सडा, यात ते थंड हवेचं गवत तग धरत नाही. कुलाब्याच्या टोकाला समुद्राला लागून गोल्फ खेळलं जातं, काणकोणच्या राजबाग किनाऱ्याजवळही मैदान आहे. खेळायला मजा येते, वाराही लागतो. जाहिरातीत लिंक्स हा शब्द दिसला तरी तो अनुभव वेगळा.

ओल्ड कोर्स कुणाच्या मालकीचा आहे? सभासद नसताना खेळता येतं?

येतं, आणि ओल्ड कोर्सची खरी गंमत हीच आहे. जगातलं सगळ्यात मानाचं हे मैदान सार्वजनिक आहे. पहिल्या टीच्या (टी म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा) मागे दिसणारी ती भारदस्त दगडी इमारत रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लबची. मैदान मात्र त्या क्लबचं नाही. १९७४ साली ब्रिटिश संसदेच्या कायद्यानं स्थापन झालेला लिंक्स ट्रस्ट ते चालवतो. ओल्ड धरून एकूण सात मैदानं त्याच्याकडे आहेत.

गावाचा हा हक्क फार जुना. १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेनं गोल्फवर बंदी घातली होती, कारण पोरं धनुष्यबाणाचा सराव सोडून हेच खेळत बसायची. पुढे १५५२ मध्ये आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी सनद दिली आणि या जमिनीवर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क लेखी मान्य झाला. थोडक्यात, आपल्याकडे गावाला गायरान असतं तसं हे सेंट अँड्रूजचं गायरान. फरक इतकाच की गुरांबरोबर इथं गोल्फही होता.

गायरानाचं जे होतं ते इथंही होता होता राहिलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस नगरपालिकेचं दिवाळं वाजलं आणि १७९७ च्या सुमारास जमीन ससे पाळणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली. सशांनी मैदान पोखरलं. गोल्फवाल्यांनी ससे मारायला सुरुवात केली, भांडण कोर्टात गेलं आणि वर्षानुवर्षं चाललं. अखेर १८२१ मध्ये जेम्स चीप या शेजारच्या जमीनदारानं जागा विकत घेऊन गोल्फसाठी वाचवली. पुढे ती परत गावाकडे आली. आज हजारो मैल प्रवास करून गेलेल्या परक्या माणसाला तिथं चेंडू ठेवता येतो तो या सगळ्या भांडणाच्या जोरावर.

टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) कसा मिळवायचा?

मुख्य वाट बॅलटची, म्हणजे रोजच्या सोडतीची. ज्या दिवशी खेळायचंय त्याच्या दोन दिवस आधी दुपारी दोनपर्यंत नावं ऑनलाइन द्यायची. सोडतीत निघालेल्या वेळा त्याच दिवशी जाहीर होतात. कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त चार जणांचा गट चालतो. नाव द्यायला पैसे लागत नाहीत.

दुसरी वाट आधीच्या वर्षी अर्ज करून वेळ राखून ठेवण्याची. तिसरी, अधिकृत सहल कंपन्यांची. त्यात हॉटेल आणि इतर मैदानं जोडून येतात आणि किंमत ऐकून माणूस खाली बसतो. माझं मत विचाराल तर गावात तीन-चार रात्री मुक्काम ठेवा, रोज बॅलट भरा आणि मिळेपर्यंत बाकीच्या मैदानांवर खेळा. एका दिवसाच्या धावत्या भेटीत ओल्ड कोर्स मिळेल या आशेवर विमानाचं तिकीट काढू नका.

मी एकटाच आहे. मग?

पूर्वी एकट्या खेळाडूंना मध्यरात्रीपासून रांगेत उभं राहावं लागायचं. थंडीत कुडकुडत रात्र काढल्याच्या कहाण्या मोठ्या चवीनं सांगितल्या जातात. २०२४ पासून ती रांग गेली आणि एकट्यांसाठीही सोडत आली. आदल्या दिवशी सेंट अँड्रूजमध्ये स्वतः हजर राहून नाव नोंदवायचं. दोन किंवा तीन जणांच्या गटात जागा रिकामी असेल तिथं तुम्हाला घालतात. एकट्यानं जाण्याचा मोठा फायदा म्हणजे स्थानिक माणसांबरोबर खेळायला मिळण्याची शक्यता.

मी नवशिका आहे, हँडिकॅप नाही. चालेल का?

हँडिकॅप म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा, जितका कमी तितका खेळाडू चांगला. ओल्ड कोर्सवर त्याचा अधिकृत पुरावा मागतात. आपल्या क्लबाकडून पत्र किंवा ॲपवरची नोंद घेऊन ठेवा. हँडिकॅप नसेल तर बालगोव्ह हे नऊ होलचं (होल म्हणजे टीपासून झेंड्याच्या खळीपर्यंतचा एक टप्पा) छोटं मैदान आहे, मुलांना आणि नवशिक्यांना डोळ्यापुढे ठेवून केलेलं. स्ट्रॅथटायरमही सौम्य आहे. जमीन तीच, वारा तोच.

खर्च किती येतो?

ओल्ड कोर्सची उन्हाळ्यातली ग्रीन फी, म्हणजे एका राउंडचे पैसे, अलीकडे ३०० पौंडांच्या पुढे गेली आहे. कॅडी (बॅग वाहणारा आणि वाट सांगणारा सोबती) घेतला तर त्याचे पैसे वेगळे, वर बक्षिसी. हिवाळ्यात फी बरीच खाली येते. ट्रस्टच्याच न्यू आणि ज्युबिली या मैदानांची फी ओल्डच्या निम्म्याहूनही कमी असते, आणि केवळ खेळ म्हणून पाहिलं तर न्यू कोर्स ओल्डपेक्षा फार मागे नाही. नावावर जाऊ नका. हा न्यू कोर्स १८९५ चा आहे.

कसं पोहोचायचं?

जवळचा मोठा विमानतळ एडिनबराचा, साधारण ८० किलोमीटरवर. सेंट अँड्रूजला रेल्वे स्टेशन नाही. ते १९६९ मध्ये बंद झालं. रेल्वेनं लूकर्सला उतरायचं आणि तिथून बस किंवा टॅक्सीनं दहा-पंधरा मिनिटांत गावात. बस स्टँडपासून पहिली टी चालत गाठता येते. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा लागतो, त्याची तजवीज उन्हाळ्याच्या गर्दीआधीच करा. क्लब्ज (खेळायच्या काठ्या) इथून नेण्याचा आग्रह धरू नका, तिथं चांगला संच भाड्यानं मिळतो. बूट मात्र स्वतःचे न्या.

कोणत्या महिन्यात जावं?

मे ते सप्टेंबर. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळी पाचला सुरू केलेला राउंडही आरामात संपतो. आपल्याला या उजेडाची सवय नसल्यानं जेवायचं भान राहत नाही आणि मग हॉटेलांची स्वयंपाकघरं बंद झालेली असतात. डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आत अंधार पडतो. शिवाय नोव्हेंबर ते मार्चमध्ये ओल्ड कोर्सच्या फेअरवेवर, म्हणजे होलच्या मधल्या छाटलेल्या पट्ट्यावर, चेंडू छोट्या चटईवर ठेवूनच मारावा लागतो, गवत जपण्यासाठी. स्वस्तात मिळतं म्हणून हिवाळ्यात जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मला विचाराल तर एवढ्या लांब जाऊन चटईवरून खेळण्यात राम नाही.

उन्हाळा म्हणजे आपला उन्हाळा नव्हे. जुलैतही दुपारचं तापमान अठरा-वीसच्या आसपास असतं आणि वाऱ्यात ते बारा वाटतं. वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत उत्तर समुद्रावरून कधीकधी धुकं आत सरकतं. तिथं त्याला हार म्हणतात. आत शेतांवर लख्ख ऊन आणि मैदानावर पुढचा झेंडा दिसत नाही, असा प्रकार होतो. तासाभरात जातं, कधी दिवसभर बसून राहतं.

रविवारी खेळता येईल का?

ओल्ड कोर्सवर नाही. मोठ्या स्पर्धा सोडल्या तर रविवारी तो बंद असतो आणि गाव त्यावर फिरायला येतं. कुत्री, बाबागाड्या, म्हातारी जोडपी, सगळी फेअरवेवरून चालत असतात. ओल्ड टॉम मॉरिस मैदानाची देखभाल करत तेव्हापासून जमिनीला ही सुट्टी आहे. गोल्फ न खेळणाऱ्या घरच्यांना मैदान दाखवायचं तर रविवारच गाठा. तुम्हीही जा, बंकरांच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांच्या, काठावर उभे राहून आत डोकावून घ्या. सोमवारी खेळायचं असेल तर याहून चांगला अभ्यास नाही.

कपडे काय घालावेत, बॅगेत काय ठेवावं?

थरावर थर. टी-शर्ट, त्यावर पातळ स्वेटर, त्यावर वारा-पाऊस दोन्ही अडवणारं जॅकेट आणि बॅगेत पावसाची पँट. छत्री वाऱ्यात टिकत नाही. उलटी होते आणि लोकांची करमणूक होते. लोकरी टोपी, पावसात पकड देणारे ग्लोव्ह्ज, मोज्यांचा जादा जोड. लोखंडी खिळ्यांचे बूट नकोत. खिशात शेंगदाण्याची चिक्की असू द्या.

बग्गी मिळते का? कॅडी घ्यावा का?

बग्गी फक्त वैद्यकीय कारणासाठी, तीही आधी कळवून. बाकी सगळे चालतात. जमीन फार चढ-उताराची नाही, पण पायाखाली सतत खोलगट-उंचवटे असतात, आणि एरवी बग्गीत बसून खेळणाऱ्यांच्या पोटऱ्या बाराव्या होलपर्यंत बोलू लागतात. आधी महिनाभर रोज तासभर चालत जा.

कॅडी जरूर घ्या. इतरत्र मी हा खर्च टाळायला सांगेन, इथं नाही. ओल्ड कोर्सवर टीवरून बघितलं की काहीच कळत नाही: सपाट माळ, थोडी झुडपं, लांब कुठंतरी एक झेंडा. बंकर बरेचदा दिसतच नाहीत. कॅडी सांगतो, "त्या चर्चच्या सुळक्यावर मार," आणि तुम्ही मारता. त्याचं फाइफचं, म्हणजे या भागाचं, इंग्रजी पहिली दोन होल कळणार नाही, मग कान सरावतो.

मैदानाची रचना कशी आहे? जोडग्रीन म्हणजे काय?

गावापासून निघायचं, ईडन नदीच्या मुखाकडे सरळ जायचं, टोकाला एक वळसा घालायचा आणि त्याच पट्ट्यातून परत गावात यायचं. जाण्याची आणि येण्याची होल शेजारी-शेजारी असल्यामुळे चौदा होलची सात ग्रीन (ग्रीन म्हणजे झेंडा आणि खळी असलेली गुळगुळीत हिरवळ) सामायिक आहेत. दुसरं-सोळावं, तिसरं-पंधरावं, चौथं-चौदावं अशा जोड्या. कुठल्याही जोडीची बेरीज अठराच येते. पहिलं, नववं, सतरावं आणि अठरावं यांची ग्रीन स्वतंत्र. जाताना झेंडे पांढरे, येताना लाल. चुकीच्या झेंड्याकडे मारलं तर पन्नास-साठ यार्डांचा पट (ग्रीनवर चेंडू घरंगळवायचा फटका) वाट्याला येतो. सातव्या आणि अकराव्या होलच्या वाटा एकमेकींना छेदतात, तिथं थांबून बघा आणि मगच मारा.

अठरा होल हा आकडाही इथूनच आलेला. १७६४ पर्यंत इथला राउंड बावीस होलांचा होता. सुरुवातीची चार छोटी होल जोडून दोन केली. ती जाताना-येताना दोन्ही वेळा खेळली जात, म्हणून बावीसची अठरा झाली. पुढे जगानं तोच आकडा उचलला.

पार, म्हणजे अपेक्षित फटके, ७२ आहे, पण वाटणी विचित्र: दोनच पार-थ्री, दोनच पार-फाइव्ह, बाकी चौदा पार-फोर. बंकर ११२. आणखी एक: एकेकाळी हे मैदान उलट्या दिशेनंही खेळत असत. त्यामुळे काही बंकर आज निरर्थक जागी वाटतात. ते उलट्या दिशेच्या खेळासाठी बसलेले आहेत.

पहिल्या टीवर फार दडपण येतं म्हणतात. खरं का?

खरं आहे. मागे क्लबहाउसच्या खिडक्या, बाजूला कठड्याला टेकलेले पर्यटक, स्टार्टर तुमचं नाव पुकारतो. पण पुढे जे आहे ते गोल्फमधल्या सगळ्यात रुंद फेअरवेपैकी एक. पहिलं आणि अठरावं होल एकच माळ वापरतात, रुंदी सव्वाशे यार्डांच्या वर, आणि त्यात एकही बंकर नाही. ड्रायव्हर हा सगळ्यात लांब क्लब नको, एखादं आटोपशीर हायब्रिड घ्या आणि डावीकडे धरा. उजवीकडे हद्दीबाहेर. खरा धोका दुसऱ्या फटक्याला आहे: ग्रीनच्या अगदी पुढ्यात स्विल्कन नावाचा ओढा वाहतो. दिसायला एवढासा, पण ग्रीनच्या पुढच्या भागात झेंडा असेल तर भल्याभल्यांचे चेंडू तिथं जातात. एक नंबर लांब पल्ल्याचा क्लब घ्या आणि ग्रीनच्या मागच्या बाजूला जा.

आणखी एक सूचना. या दोन होलच्या आडवा एक सार्वजनिक रस्ता जातो, ग्रॅनी क्लार्क्स वाइंड. त्यावरून माणसं आणि गाड्या जातात. त्यांना जाऊ द्या. चेंडू कुणाच्या दिशेनं निघाला तर लाजू नका, बेंबीच्या देठापासून "फोर!" ओरडा.

वाऱ्यात आणि टणक जमिनीवर खेळायचं कसं?

आपण शिकतो तो गोल्फ हवेतला. यार्ड मोजायचे, तेवढा क्लब घ्यायचा, चेंडू उंच उडवायचा, तो ग्रीनवर पडून थांबतो. यातली शेवटची गोष्ट लिंक्सवर घडत नाही. ग्रीनवर टाकलेला चेंडू ग्रीनच्या मागे जाऊन थांबतो. म्हणून चेंडू कुठे पडेल हा विचार सोडून तो कुठून पळत जाईल हा विचार करायचा. ग्रीनच्या वीस-तीस यार्ड अलीकडे टाका, उतार बघा, बाकीचं काम जमिनीवर सोपवा.

समोरून वारा असला की ताकद वाढवण्याचा मोह होतो. ताकदीनं चेंडूची फिरकी वाढते, तो आणखी वर चढतो आणि वारा त्याला मागे ढकलतो. उलट करा. सात नंबरच्या क्लबच्या जागी लांब पल्ल्याचा पाच नंबर घ्या, दांडा थोडा खाली धरा, चेंडू उजव्या पायाकडे सरकवा (डावखुऱ्यांनी डाव्या), अर्ध्या-पाऊण स्विंगनं मारा आणि हात छातीच्या उंचीवरच थांबवा. चेंडू खालून जातो. पाठीमागून वारा असेल तर पडल्यावर तो चाळीस-पन्नास यार्ड सहज पळतो, तेवढे आधीच वजा करा. आडव्या वाऱ्याशी भांडू नका. बाजूला नेम धरून त्याला आणू द्या.

ग्रीनभोवती वेजपेक्षा (चेंडू उंच उडवणारा क्लब) पटर (चेंडू घरंगळवणारा क्लब) जास्त कामाचा. गवत इतकं छाटलेलं आणि जमीन इतकी कडक असते की जाड तळाचा वेज आपटून वर उडतो आणि चेंडूच्या डोक्यात बसतो. चाळीस यार्डांवरून पटर मारताना पहिल्यांदा ओशाळल्यासारखं होतं. पण तिथले सगळे तसंच खेळतात, व्यावसायिकसुद्धा.

दिशेचा एक ठोकताळा: टीवरून शंका आली तर डावीकडे. जवळजवळ सगळं मैदान उजव्या कडेला गोर्सनं किंवा हद्दीनं बांधलेलं आहे. गोर्स म्हणजे पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप, त्यात हात घालू नका. डावीकडून ग्रीनकडे जायचा कोन मात्र वाईट मिळतो. सुरक्षित बाजू आणि सोयीची बाजू एक नाही, आणि या एका गोष्टीवर हा कोर्स शतकानुशतकं चालला आहे.

याचा सराव आपल्याकडे करता येईल का?

येतो. एप्रिल-मेमध्ये आपली मैदानं तापून कडक झालेली असतात तेव्हा ग्रीनच्या बाहेरून पटर आणि आठ नंबर आयर्ननं चेंडू पळवायची सवय लावा. पावसाळ्यात हा सराव होणार नाही, चेंडू जागीच बसतो. कुलाब्याला खेळण्याची सोय असेल तर दुपारचा वारा सोडू नका. झाडांच्या मैदानांवर वाढलेल्यांना लिंक्स जमत नाही असंही नाही: जीव मिल्खा सिंगनं २०१२ ची स्कॉटिश ओपन इन्व्हरनेसजवळच्या कॅसल स्टुअर्ट या लिंक्सवर जिंकली, आणि २०२३ मध्ये रॉयल लिव्हरपूलच्या लिंक्सवर झालेल्या ओपनमध्ये (ब्रिटनची सगळ्यात मानाची स्पर्धा) शुभंकर शर्मा संयुक्त आठवा आला.

बंकर इतके भयंकर का असतात? आत गेल्यावर काय करायचं?

वाळू उघडी राहिली तर वारा उडवून नेतो, म्हणून बंकर लहान आणि खोल, आणि भिंत गवताच्या चकत्या एकावर एक रचून उभी केलेली. आजूबाजूची जमीन त्यांच्याकडे उतरती असते, त्यामुळे शेजारून जाणारा चेंडूही आत ओढला जातो. नावंही तशीच: चौदाव्यावर हेल, म्हणजे साक्षात नरक, सोळाव्यावर प्रिन्सिपल्स नोज, तेराव्यावर कॉफिन्स, म्हणजे शवपेट्या. इथं झालेल्या १९९५ च्या ओपनमध्ये जॅक निक्लॉसला हेलमधून बाहेर पडायला चार फटके लागले आणि त्या होलवर दहा झाले. दुसऱ्या टोकाला टायगर वुड्स: २००० साली चार दिवसांत तो एकाही बंकरमध्ये गेला नाही आणि आठ फटक्यांनी जिंकला.

आत गेलात तर आधी अहंकार बाहेर ठेवा. भिंत जवळ असेल तर झेंड्याकडे बघूच नका; बाजूला किंवा सरळ मागे, जिथून निघता येईल तिथून निघा. चेंडू भिंतीला चिकटला असेल तर नियमाची मदत घ्या: एका फटक्याची पेनल्टी घेऊन चेंडू बंकरमध्येच ड्रॉप करता येतो, म्हणजे हातातून खाली सोडता येतो, किंवा जिथून मारलात तिथं परत जाता येतं. २०१९ पासून दोन पेनल्टी घेऊन बंकरच्या मागे बाहेर ड्रॉप करण्याचीही सोय आहे. सुट्टीवर आलेल्या माणसानं ही सोय वापरण्यात काही कमीपणा नाही. निघाल्यावर वाळू सारखी करा.

सतराव्या होलचा एवढा बोलबाला का?

कारण तिथं सोपी वाटच नाही. ओपनसाठी हे पार-फोर ४९५ यार्डांचं असतं, पाहुण्यांना थोडं कमी. टीवर उभं राहिलं की समोर हॉटेलच्या आवारातली काळी शेड. तिथं पूर्वी रेल्वेच्या कोठ्या होत्या, त्यांच्याच आकाराची ती बांधलेली आहे. फटका तिच्यावरून मारायचा. शेडवर हॉटेलचं नाव मोठ्या अक्षरांत आहे आणि कॅडी तुम्हाला एखादं अक्षर दाखवतो. हॉटेलच्या खिडक्यांची चिंता प्रत्येकाला वाटते, बहुतेकांचे चेंडू मात्र भीतीनं डावीकडच्या रफमध्ये, म्हणजे वाढलेल्या गवतात, जातात.

पुढचं ग्रीन लांबट, अरुंद आणि तिरकं. डावीकडे पुढ्यात रोड होल बंकर, मागे डांबरी रस्ता आणि रस्त्यापलीकडे दगडी भिंत. रस्ता मैदानाचाच भाग आहे. त्यावरून फुकट सुटका नाही, तिथूनच मारायचं. १९७८ मध्ये जपानचा टॉमी नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर होता. त्याचा पट वळून बंकरमध्ये गेला, बाहेर पडायला चार फटके लागले आणि होलवर नऊ झाले. १९८४ मध्ये टॉम वॉटसनचा चेंडू रस्त्यावर भिंतीजवळ गेला, आणि त्याच वेळी पुढे अठराव्यावर सेव्ह बाल्येस्तेरोसनं बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) करून ओपन नेली. २०१० मध्ये मिगेल आंखेल हिमेनेथनं चक्क भिंतीवर चेंडू आपटून उलटा ग्रीनवर आणला. तुम्ही करू नका, चेंडू तोंडावर येईल.

सरळ सल्ला: हे होल पार-फाइव्ह समजा. दुसरा फटका ग्रीनच्या उजव्या पुढच्या कोपऱ्याच्या अलीकडे ठेवा, तिथून पटर. पाच झाले तर अर्ध्या व्यावसायिकांच्या बरोबरीला आलात.

स्विल्कन पुलावर फोटो काढता येतो का?

काढतातच सगळे, फक्त मागचा गट खोळंबवू नका. मेंढपाळांसाठी बांधलेला हा छोटा दगडी पूल सातेकशे वर्षांचा मानला जातो. २००५ मध्ये निक्लॉसनं इथूनच निरोप घेतला. २०२३ मध्ये पुलाच्या तोंडाशी गोल फरशी बसवली, तर जगभर असा काही ओरडा झाला की थोड्याच दिवसांत ती उखडावी लागली.

पूल ओलांडून अठराव्याच्या ग्रीनपुढचा खोलगा लक्षात ठेवा, त्याला व्हॅली ऑफ सिन म्हणतात. चेंडू कमी पडला की तिथं घरंगळत येतो. १९९५ मध्ये कोस्टान्टिनो रोक्कानं तिथूनच पट घालून सामना बरोबरीत आणला आणि जमिनीवर पालथा पडून रडला. प्लेऑफमध्ये मात्र जॉन डेली जिंकला.

बरोबर पत्नी/पती, मुलं, आई-वडील आहेत आणि ते खेळत नाहीत. त्यांचं काय?

ओल्ड कोर्सला लागूनच हिमालयाज नावाचं पटिंगचं मैदान आहे, नावाप्रमाणे टेकड्याच टेकड्या. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या स्त्रियांच्या पटिंग क्लबचं ते मैदान, थोड्याशा पैशांत कुणालाही खेळता येतं. आजोबा आणि नातू एकाच चेंडूमागे धावताना दिसतील. (रॉयल अँड एन्शंट क्लबनं स्त्रियांना सभासदत्व द्यायचं ठरवायला २०१४ साल उजाडलं, हे जाता जाता.) वेस्ट सँड्सची चौपाटी पाच मिनिटांवर आहे. पडक्या कॅथीड्रलच्या आवारात ओल्ड टॉम आणि त्याच्या मुलाची, यंग टॉमची समाधी आहे. दोघांनी चार-चार वेळा ओपन जिंकली. शिवाय १४१३ चं विद्यापीठ आहे, त्यामुळे गावात खाण्याच्या जागा भरपूर आणि शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही.

राउंडला किती वेळ लागतो?

चार तासांच्या आसपास, आणि त्याबद्दल तिथले लोक गंभीर असतात. चेंडू शोधायला तीनच मिनिटं. आपल्याकडची रमतगमत खेळायची सवय इथं सोडा; आपली पाळी येण्याआधी क्लब निवडून तयार राहा.

बॅलटमध्ये नाव लागलंच नाही तर?

न्यू कोर्स खेळा, ओल्डच्या शेजारी आहे आणि ओल्ड टॉमनंच आखलेला आहे. जास्त कठीण हवं तर ज्युबिली. गाडी असेल तर क्रेल आणि ईली ही किनाऱ्यावरची जुनी गावं अर्ध्या तासात येतात. मैदानं छोटी, माणसं मोकळी आणि फी ऐकून हायसं वाटतं. ईलीच्या पहिल्या टीवर पाणबुडीचा पेरिस्कोप बसवलेला आहे; टेकडीपलीकडचा गट पुढे गेला का ते त्यातून बघायचं आणि मग मारायचं. किंग्जबार्न्स देखणं पण महाग. टे नदीपलीकडचं कार्नूस्टी ज्यांचा हँडिकॅप दहाच्या आत आहे त्यांनीच मनावर घ्यावं, बाकीच्यांनी चेंडूंचा जादा डबा सोबत ठेवावा. आणि हे सगळं करताना रोज दुपारी दोनच्या आत पुढचा बॅलट भरायला विसरू नका.